घरच्या वर्कशॉपमधील धातू कापणारी हत्यारे : स्वस्त कुठे पुरते, महाग कुठे परवडते

वखराची पास बसवायची असो, डवऱ्याला नवे छिद्र पाडायचे असो, ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी बदलायची असो की गोठ्याच्या फाटकासाठी अँगल कापायचा असो, प्रत्येक वेळी तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात खेटे घालणे ऐन हंगामात जमत नाही. म्हणून विदर्भातल्या गावांत पडवीत किंवा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत एक टेबल, एक व्हाइस, एक हात ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर एवढ्या सामानावर घरचे वर्कशॉप उभे राहते. यंत्रे एकदाच घेतली जातात. पुढे चालू राहतो तो यंत्राच्या टोकाला बसणाऱ्या हत्यारांचा खर्च, आणि तिथेच नवा माणूस गोंधळतो. हार्डवेअरच्या काउंटरवर दहा मिलीमीटरचा ड्रिल मागितला की दुकानदार आधी विचारतो, “लोकल देऊ का कंपनीचा?” दोन्ही ड्रिल दिसायला सारखे असतात, दोन्हींवर एचएसएस (हायस्पीड स्टील, म्हणजे तापूनही धार टिकवणारे पोलाद) असे कोरलेले असते आणि किमतीत मात्र मोठी तफावत असते.

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. सगळेच लोकल घेणारा आणि सगळेच कंपनीचे घेणारा, दोघेही पैसे वाया घालवतात. कोणता धातू कापायचा आहे, आपले मशीन किती वेगाने फिरते आणि हत्यार मधेच तुटले तर नेमके काय नुकसान होते, या तीन गोष्टी पाहून प्रत्येक हत्याराचा निर्णय वेगळा करावा लागतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी पहिली : कापायचा धातू ओळखावा

दुकानातून आणलेले अँगल, पट्टी आणि चौकोनी पाइप साधारणपणे माइल्ड स्टीलचे, म्हणजे नरम लोखंडाचे असतात. त्यासाठी चांगल्या प्रतीचे साधे हत्यार पुरते. अडचण येते ती भंगारातून आणलेल्या मालात, कारण खेड्यातले निम्मे काम त्याच मालावर होते. ट्रकच्या कमानीचा पाटा हा स्प्रिंगचे पोलाद असून त्याला कारखान्यातच कडकपणा दिलेला असतो, आणि पास किंवा कोयता करायला लोक नेमका तोच वापरतात. बांधकामातून उरलेली टीएमटी सळई आतून नरम असली तरी तिचा बाहेरचा थर कारखान्यात पाण्याने थंड करून कडक केलेला असतो, म्हणून तिच्यात ड्रिल सुरुवातीलाच घसरतो. पंपाची बॉडी आणि जुन्या चक्कीचे भाग बिडाचे असतात. बीड ठिसूळ असते, त्याचा कीस भुकटीसारखा पडतो आणि त्याला तेल लावायचे नसते. स्टेनलेस स्टील फार कडक नसते, पण त्यावर ड्रिल नुसता घासत राहिला तर त्या जागेचा थर कडक होत जातो आणि मग चांगला ड्रिलही तिथे हात टेकतो.

धातू ओळखण्याची सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे जुनी, पण अजून धार असलेली कानस. तुकड्याच्या कडेवर कानशीचा कोपरा दाबून एकदा पुढे ढकलावा. कानस चावली आणि बारीक कीस निघाला, तर साधा एचएसएस ड्रिल चालेल. कानस थोडी चावून बरीचशी घसरली, तर कोबाल्टचा (कोबाल्ट मिसळलेल्या एचएसएसचा) ड्रिल आणि कमी वेग लागेल. काचेवरून फिरावी तशी ती सरकून गेली आणि मागे नुसती चमक राहिली, तर त्या तुकड्यावर कोणताही ड्रिल खर्ची घालण्याआधी तो नरम करून घ्यावा.

नरम करण्याचे काम गावात भाता चालत असेल तर फार सोपे आहे. पाट्याचा छिद्र पाडायचा भाग लालभडक तापवून कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरावा आणि रात्रभर तिथेच हळूहळू निवू द्यावा. दुसऱ्या दिवशी साधा ड्रिल त्यातून उतरतो. पुष्कळदा लोहार तापलेल्या पासेत पंच मारून छिद्रच पाडून देतो, म्हणजे ड्रिलचा प्रश्नच उरत नाही. महागडा कोबाल्ट ड्रिल घेण्याआधी लोहाराला विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पासेची धार नरम झाली असेल, तर तिला पुन्हा पाणी देणे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

पायरी दुसरी : आपल्या मशीनचा वेग काढावा

महाग ड्रिल घेऊनही तो दोन छिद्रांत जळाला अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुधा वेगाचा असतो. ड्रिलची धार धातूवरून किती वेगाने सरकते हे ड्रिलच्या व्यासावर आणि मशीनच्या फेऱ्यांवर ठरते. माइल्ड स्टीलसाठी एचएसएस ड्रिलचा हा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. त्यावरून एक सोपा हिशोब निघतो : ८००० ला ड्रिलच्या मिलीमीटरमधल्या व्यासाने भागावे, आलेला आकडा म्हणजे मिनिटाला साधारण किती फेरे हवेत ते. सहा मिलीमीटरच्या ड्रिलला सुमारे १३००, दहाच्या ड्रिलला ८०० आणि बाराच्या ड्रिलला साडेसहाशेच्या आसपास फेरे बसतात. स्टेनलेससाठी ८००० ऐवजी ४००० धरावे. कमानीच्या पाट्यात तो नरम न करता छिद्र पाडायचेच असेल तर २५०० धरावे, म्हणजे दहा मिलीमीटरला अवघे २५० फेरे होतात.

आता आपल्या हात ड्रिल मशीनवरची पट्टी वाचावी. दहा मिलीमीटर चकची (ड्रिल पकडणाऱ्या जबड्याची) लहान मशीन बिनाभाराची मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फिरते. त्या वेगात तीन मिलीमीटरचा ड्रिल सुखाने चालतो, पण दहाचा ड्रिल योग्य वेगाच्या तिप्पट फिरतो. अशा मशीनवर लोकल ड्रिल लगेच जळेल आणि कंपनीचा थोड्या वेळाने जळेल, फरक एवढाच. म्हणून ज्याला आठ मिलीमीटरच्या वरची छिद्रे नेहमी पाडायची आहेत, त्याने ड्रिलवर जादा पैसे घालण्याआधी वेग कमी-जास्त करता येणारी तेरा मिलीमीटर चकची मशीन किंवा पट्टा बदलून वेग बदलणारी बेंच ड्रिल मशीन घ्यावी. ट्रिगर अर्धवट दाबून वेग कमी ठेवता येतो हे खरे, परंतु मोठ्या ड्रिलवर तसे फार वेळ केले तर मोटर तापते. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडते, त्या वेळी तर मोठे छिद्र हाती घेऊच नये.

चकमध्ये ड्रिल सरळ फिरतो की डुलतो, हेही इथेच पाहून घ्यावे. डुलणाऱ्या चकमध्ये एचएसएसचा ड्रिल थोडा वाकून सांभाळून घेतो, पण कार्बाइडचा (टंगस्टन आणि कार्बनच्या अतिशय कडक पदार्थाचा) ड्रिल वाकत नाही, तो तुटतो. वर्कशॉपमध्ये ज्याला सरसकट विडिया म्हणतात तो अखंड कार्बाइडचा ड्रिल कितीही महाग आणि कितीही कडक असला, तरी हात ड्रिल मशीनसाठी तो चुकीचे हत्यार आहे. भिंतीत छिद्र पाडायचा विडियाच्या टोकाचा ड्रिल तर धातूसाठी नसतोच.

पायरी तिसरी : पोलादाची प्रत जाणून घ्यावी आणि ठिणगीवरून तपासावी

हत्याराची किंमत मुख्यतः त्याच्या पोलादावर ठरते. साध्या कार्बन स्टीलला धार उत्तम येते, पण तापमान दोन-अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे गेले की त्याचा कडकपणा उतरू लागतो. हायस्पीड स्टील, म्हणजेच एचएसएस, सुमारे ६०० अंशांपर्यंत धार टिकवून धरते. अमेरिकेतील बेथलेहेम स्टील कंपनीत टेलर आणि व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून हे पोलाद पुढे आले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. आज नेहमीच्या एम २ प्रतीच्या एचएसएसमध्ये साधारण सहा टक्के टंगस्टन आणि पाच टक्के मॉलिब्डेनम असते. एम ३५ मध्ये त्यात पाच टक्के कोबाल्ट घालतात आणि एम ४२ मध्ये सुमारे आठ टक्के. कोबाल्टमुळे तापल्यावरही धार टिकते, पण ड्रिल थोडा ठिसूळ होतो. म्हणून तीन-चार मिलीमीटरचे बारीक कोबाल्ट ड्रिल हातातल्या मशीनवर तिरके दाबले की सहज मोडतात.

सोनेरी रंगाच्या ड्रिलने नव्या माणसाने भुलून जाऊ नये. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर चांगल्या पोलादावर दिलेला असेल तर तो नक्कीच उपयोगी पडतो. परंतु पातळ थराखाली पोलाद कोणते आहे हे रंगावरून कळत नाही, आणि पहिल्यांदा धार लावली की टोकाच्या मागच्या बाजूवरचा थर निघूनही जातो. स्वस्त सोनेरी सेट आणि कंपनीचा साधा काळा ड्रिल एकाच किमतीत मिळत असतील, तर काळा घ्यावा.

एचएसएस हा शिक्का कोणीही मारू शकतो. पोलाद खरोखर काय आहे हे ग्राइंडरच्या दगडावर कळते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, डोळ्यांवर गॉगल लावून, आधी जुन्या कानशीचे टोक हलकेच दगडाला लावावे. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा मोठा झोत निघतो आणि प्रत्येक ठिणगी टोकाशी फुटून तिला फाटे येतात. ही कार्बन स्टीलची खूण आहे. मग ड्रिलचे टोक लावावे. एचएसएस असेल तर ठिणग्या थोड्या, आखूड आणि काळपट लाल निघतात, दगडाला चिकटून जाव्यात तशा वाकतात आणि जवळपास फुटतच नाहीत. दोन्ही एकदा शेजारी पाहिल्या की पुढे चूक होत नाही. ही चाचणी ड्रिलच्या टोकावरच करावी, दांड्यावर नव्हे, कारण मोठ्या ड्रिलमध्ये चांगल्या कंपन्याही साध्या पोलादाचा दांडा पुढच्या एचएसएस भागाला जोडतात. दुकानात अर्थातच कोणी अशी चाचणी करू देणार नाही. तेव्हा नव्या दुकानातून आधी एकच ड्रिल आणावा, घरी पहिली धार लावताना ठिणगी पाहावी आणि मगच बाकीचे घ्यावेत.

पायरी चौथी : ड्रिलचा संच लोकल, रोजची मापे कंपनीची

एक ते दहा मिलीमीटरपर्यंत अर्ध्या मिलीमीटरच्या फरकाने १९ ड्रिलचा संच सगळीकडे मिळतो. त्यातली निम्मी मापे वर्षभर डब्यातून बाहेरही येत नाहीत, म्हणून पूर्ण संच महागडा घेण्यात अर्थ नाही. साधा संच आणावा आणि कोणता ड्रिल आधी बोथट होतो ते पाहत राहावे. शेतीच्या अवजारांवर आणि फाटक-जाळीच्या कामावर बहुधा पाच, सहा, आठ आणि दहा या मापांवरच सगळा भार पडतो. ती मापे बोथट झाली की त्या जागी मिरांडा, ॲडिसन, टोटेम अशा बाजारात रुळलेल्या नावांचे ड्रिल एकेक करून घ्यावेत. पातळ पत्र्यासाठी लागणारे बारीक ड्रिल मात्र बोथट होण्याआधी मोडतातच, म्हणून ते लोकल आणि जोडीने घ्यावेत.

हिशोब नेहमी छिद्रामागे करावा. समजा, लोकल ड्रिल ३० रुपयांना आणि कंपनीचा ९० रुपयांना मिळतो. लोकल ड्रिल प्रत्येक धारेमागे दहा छिद्रे पाडत असेल आणि कंपनीचा चाळीस, तर महाग ड्रिलच स्वस्त पडतो. पण वर्षाकाठी पाचच छिद्रे पाडायची असतील तर हा सगळा हिशोब निरर्थक ठरतो.

या हिशोबात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे आपल्याला धार लावता येते. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी कंपनीचा ड्रिलही एकदा वापरून फेकायची वस्तू ठरते. म्हणून आठ-दहा मिलीमीटरचे जुने, बोथट ड्रिल मिळतील तेथून गोळा करावेत आणि त्यांच्यावर हात बसवावा. साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो, म्हणजे प्रत्येक बाजूने ५९ अंश. दोन्ही धारा लांबीने सारख्या याव्यात आणि धारेच्या मागची बाजू तिच्यापेक्षा किंचित खाली उतरलेली असावी. तसा उतार नसेल तर ड्रिल कापत नाही, नुसता घासतो, आणि तापून निळा पडतो. धार बरोबर लागली की नाही, हे पहिल्या छिद्रातच दिसते. माइल्ड स्टीलमधून दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीच्या दोन वेटोळ्या निघत असतील तर काम जमले. एकाच बाजूने वेटोळी निघत असेल आणि दुसरीकडून नुसती भुकटी येत असेल, तर एक धार मोठी झाली आहे आणि छिद्र मापापेक्षा मोठे पडणार आहे.

धार लावताना पोलादाची प्रत पुन्हा आडवी येते. कार्बन स्टीलचा ड्रिल दगडावर निळा पडला की त्या भागाचा कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढावाच लागतो. म्हणून तो दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावा. एचएसएसला निळेपणाने फारसे बिघडत नाही, पण तो लालसर होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात टाकला तर धारेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात.

दहा मिलीमीटरच्या पुढचे छिद्र थेट पाडू नये. सेंटर पंचाची खूण करून आधी चार मिलीमीटरचे छिद्र पाडावे आणि मग मोठा ड्रिल घालावा. मोठ्या ड्रिलच्या मधोमध असलेला बोथट भाग कापत नाही, फक्त दाब मागतो, आणि लहान छिद्रामुळे तो भाग रिकाम्या जागेत राहतो. एवढ्या एका सवयीने लोकल ड्रिलचे आयुष्य बरेच वाढते. स्टेनलेसवर मात्र दाब एकसारखा ठेवावा, ड्रिल मधेच नुसता फिरत ठेवू नये.

उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा ड्रिलजवळ जाताना काढून ठेवावा आणि हातमोजेही घालू नयेत. फिरता ड्रिल कापडाचे एक टोक पकडतो तेव्हा सोडवायला वेळ मिळत नाही.

पायरी पाचवी : टॅपमध्ये काटकसर करू नये

छिद्रात आटे पाडणारा टॅप हे घरच्या वर्कशॉपमधले सर्वांत धोक्याचे हत्यार आहे, जिवाला नव्हे, कामाला. ड्रिल मोडला तर ड्रिल जातो, टॅप मोडला तर तो कामाच्या आत अडकतो आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे झाकण किंवा पंपाची बॉडी त्याच्याबरोबर जाते. म्हणून एम ६, एम ८, एम १० आणि एम १२ (सहा, आठ, दहा आणि बारा मिलीमीटरच्या बोल्टचे) एवढेच टॅप घ्यावेत, पण एचएसएसचे आणि नावाजलेल्या कंपनीचे घ्यावेत, आणि शक्यतो तिघांच्या संचात घ्यावेत. पहिला टॅप उतरता असतो, तो सहज शिरतो. दुसरा आटे खोल करतो आणि तिसरा बंद छिद्राच्या तळापर्यंत पूर्ण आटे पाडतो. डझनावारी टॅप आणि डाय (बोल्टवर बाहेरून आटे पाडणारे हत्यार) असलेली स्वस्त पेटी दिसायला भरगच्च असते, पण ती जुने गंजलेले आटे साफ करण्यापुरतीच ठेवावी.

यात एक गंमत आहे. स्वस्त कार्बन स्टीलचा टॅप मोडला तर तो तापवून, नरम करून ड्रिलने काढता येतो. एचएसएसचा टॅप असा नरम होत नाही. तो छिद्राच्या वर थोडा डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करावे आणि नटाला पाना लावून हळूच उलटा फिरवावा. तो आत खोलवर मोडला असेल तर घरी खटपट करत बसू नये. एमआयडीसीत स्पार्क इरोजन मशीन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र) असलेल्या वर्कशॉपमध्ये तो भाग न्यावा.

टॅप मोडू नये यासाठी आधीचे छिद्र योग्य मापाचे हवे. एम ६ ला ५ मिलीमीटर, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ आणि एम १२ ला १०.२ मिलीमीटरचा ड्रिल लागतो. यातली ६.८ आणि १०.२ ही मापे अर्ध्या मिलीमीटरच्या संचात नसतात. म्हणून साडेसहाचे छिद्र पाडून एम ८ चा टॅप जबरदस्तीने फिरवला जातो आणि मोडतो. ही दोन मापे टॅपबरोबरच विकत घ्यावीत. अर्धा फेरा पुढे गेले की टॅप पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे कीस तुटतो. तेल भरपूर लावावे. कटिंग ऑइल नसेल तर सरकीचे तेलही चालते, जवसाचे मात्र लावू नये, ते वाळून चिकट थर धरते.

जुन्या अवजारांचे बोल्ट पुष्कळदा इंची मापाचे असतात. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश बोल्टला इंचाला १२ आटे असतात आणि त्याच मापाच्या अमेरिकन बोल्टला १३. दोन-तीन फेरे नट चढतो आणि मग अडतो, तेव्हा टॅप हातात घेण्याआधी पिच गेजने (आट्यांत बसवून पाहायच्या दातेरी पात्यांनी) आटे मोजावेत.

पायरी सहावी : हॅकसॉ ब्लेड आणि कानस

इथे फारसा विचार करण्यासारखे नाही. हॅकसॉची फ्रेम मजबूत आणि ब्लेड ताणून धरणारी असावी, तिच्यावर नाव कोणाचे आहे याला महत्त्व नाही. ब्लेड मात्र बायमेटल घ्यावे. त्याच्या दातांची कड एचएसएसची आणि पाठ लवचिक पोलादाची असते, त्यामुळे नवशिक्याच्या हातात वाकले तरी ते साध्या कडक ब्लेडसारखे काडकन मोडत नाही. कापताना किमान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. इंचाला २४ दात असलेले ब्लेड तीन मिलीमीटर आणि त्याहून जाड मालाला चालते. १६ गेजच्या (सुमारे दीड मिलीमीटर जाडीच्या) पाइपसाठी ३२ दातांचे घ्यावे. तेही पाइपाच्या पातळ भिंतीला थोडे मोठेच पडते, म्हणून पाइप थोडा थोडा फिरवत कापावा. दातांचे तोंड पुढच्या दिशेला ठेवावे.

कानशींमध्ये जेके हे नाव गावातल्या दुकानांतही मिळते. दोन कानशी पुरतात, एक भरड चपटी आणि एक अर्धगोल. एकच कानस ॲल्युमिनियम आणि लोखंड या दोन्हींवर वापरू नये, दातांत अडकलेले ॲल्युमिनियम लोखंडावर ओरखडे पाडते.

पायरी सातवी : कटिंग व्हील स्वस्तातले कधीच नको

मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारी चकती फुटली तर तिचे तुकडे चेहऱ्याकडे येतात. त्यामुळे इथे प्रश्न पैशांचा उरत नाही. चार इंची ग्राइंडरची चकती १०० मिलीमीटरची असते आणि तिचे मधले छिद्र १६ मिलीमीटरचे असते. तिच्यावर कमाल वेग छापलेला असतो, तो साधारण मिनिटाला १५,३०० फेरे, म्हणजे कडेला सेकंदाला ८० मीटर असतो. ग्राइंडरवरचा आकडा त्यापेक्षा कमी असलाच पाहिजे. मधल्या पत्र्याच्या कडीवर बहुधा मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते, ते वाचावे. राळेने बांधलेल्या या चकत्यांची मुदत उत्पादनापासून सुमारे तीन वर्षे धरतात. कडीवर वेग आणि मुदत नसलेली चकती कितीही स्वस्त मिळाली तरी दुकानातच ठेवून यावी. मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढणे आणि कापायच्या चकतीच्या बाजूने घासणे या दोन्ही गोष्टी पूर्ण बंद ठेवाव्यात. लाकूड कापायचे दातेरी पाते तर ग्राइंडरवर कधीच लावू नये.

पत्रा आणि पाइप कापायला एक मिलीमीटर जाडीची चकती घ्यावी. ती माल कमी खाते, काम कमी तापते आणि मोटरवरही भार कमी येतो.

ठिणग्या कोणत्या दिशेला जातात ते आधी पाहावे. दिवाळीनंतर घराच्या खोलीत कापूस भरलेला असतो, आवारात सोयाबीनचे कुटार असते, आणि चॉप सॉच्या (टेबलावरच्या मोठ्या चकतीच्या कटिंग मशीनच्या) ठिणग्या कित्येक फूट लांब जातात. कापसात शिरलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, आत धुमसत राहते. कटिंगचे काम कापसाच्या खोलीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून करावे, आणि काम संपल्यावर तासाभराने जागा पुन्हा तपासावी.

ज्यांच्याकडे छोटे लेथ आहे त्यांच्यासाठी

लेथवर सुरुवात एचएसएसच्या चौकोनी टूल बिटनेच (कापणाऱ्या छोट्या दांडीनेच) करावी. ते स्वस्त असते, हवा तसा आकार घासून देता येतो आणि छोट्या लेथच्या कमी वेगाला तेच शोभते. बदलत्या कार्बाइड इन्सर्टचे (बोथट झाल्यावर बदलायच्या छोट्या तुकड्याचे) टूल दिसायला आकर्षक असते, पण ते वेग आणि मजबुती मागते, आणि हलक्या लेथवर कड तुटण्याची भीती असते. घ्यायचेच असेल तर धारदार, पॉझिटिव्ह कोनाचे (धारेखालची बाजू आत उतरलेले) सीसीएमटीसारखे इन्सर्ट घ्यावे, सीसीएमटी हा इन्सर्टच्या आकाराचा संकेत आहे. ब्रेझिंग केलेल्या (दांड्यावर पितळी जोडाने बसवलेल्या) कार्बाइड टूलला साध्या करड्या दगडावर धार लागत नाही, त्यासाठी हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड वेगळा ठेवावा लागतो.

खरेदी करताना

टॅप आणि कंपनीचे ड्रिल गावातल्या बाजारातून घेण्यापेक्षा नागपूरच्या इतवारीतील किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या टूल्सच्या दुकानातून घ्यावेत. अशा दुकानांत एमआयडीसीतले कारखाने माल घेतात, त्यामुळे माल अस्सल मिळण्याची शक्यता जास्त असते आणि ६.८ सारखी मापे सुटी मिळतात. पक्के बिल मागावे. पाकिटावरचे कंपनीचे नाव, पत्ता आणि छापील किंमत पाहावी. अक्षरे अस्पष्ट असतील किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर बदललेले दिसले, तर ती नक्कल समजावी. दुकानदाराने खात्री दिली तरी घेऊ नये.

हातात पैसे मर्यादित असतील तर क्रम असा ठेवावा : सर्वांत आधी गॉगल आणि चांगल्या कटिंग चकत्या, मग बायमेटल ब्लेड आणि साधा ड्रिल संच, त्यानंतर ज्या मापाचे काम समोर आले त्याच मापाचा टॅप आणि त्याचा ड्रिल, आणि बोथट झालेल्या मापांचे कंपनीचे ड्रिल सगळ्यांत शेवटी. कोबाल्ट ड्रिल काम पाहून एकच आणावा.

पावसाळ्यात हवेतली ओल टिनाच्या शेडमध्येही शिरते. चकत्या दमट झाल्या की त्यांची राळ कमजोर होते, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात सपाट ठेवाव्यात. त्यांच्यावर वजन ठेवू नये आणि भिजलेली चकती उन्हात वाळवून वापरू नये. ड्रिल आणि टॅप तेलाच्या फडक्याने पुसून लाकडी ठोकळ्यात पाडलेल्या छिद्रांत उभे ठेवावेत आणि प्रत्येक छिद्रासमोर माप लिहावे.